नारळाला किती अंडी?

"एका नारळाला किती अंडी द्यावीत?" असा तुमचा प्रश्न आहे. सोबत थोडी माहितीही दिलीत. दोन वर्षांपूर्वी मुंबई सोडून देवगडजवळच्या गावी आलात, पंधरा कोंबड्या आहेत, दिवसाला आठ-नऊ अंडी मिळतात आणि वाडीत आणखी चार घरी कोंबड्या आहेत. अंडी देऊन भाजी, नारळ, सुकी मासळी घ्यायची पद्धत आपोआप पडली. आता एक शेजारी रोज दोन अंडी नेतो आणि बदल्यात कधीतरी काकडी देतो, तीही फक्त पावसात. त्यामुळे सगळ्या जिनसांचं दरपत्रक करून वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावं, असं तुमच्या मनात आहे.

टाकू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

मी मालवण तालुक्यात खाडीच्या कडेला राहते. बावीस वर्षं कोंबड्या पाळतेय, सध्या अडतीस आहेत. तुमच्यासारखंच दरपत्रक मीही एकदा केलं होतं. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हा, साधी शंभर पानी वही होती. डाव्या पानावर काय दिलं, उजव्या पानावर काय आलं. वही ओट्यावरच्या कोनाड्यात असायची. एक दिवस वरच्या घरातली काकी कणी चाळायची चाळण मागायला आली आणि मी आत चाळण शोधेपर्यंत तिने सहज म्हणून वही उघडली. तिच्या नावापुढे अकरा अंडी होती आणि उजवं पान कोरं. काही बोलली नाही, चाळण घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूपभर तांदूळ आणून माझ्या ओट्यावर ठेवला. "तुझी अकरा अंडी होती मां? ह्या घे. फिटली." एवढंच. पुढचे सात-आठ महिने ती आमच्या पायरीला फिरकली नाही. नंतर मला आठवलं की त्याच वर्षी माझा मुलगा तापाने आजारी असताना तिने चार दिवस आमच्या गुरांचं दूध काढलं होतं. ते मी कुठल्याच पानावर लिहिलं नव्हतं.

म्हणून सांगते, तुमची अडचण भावाची वाटते तेवढी भावाची नाही. घराघरांतली देवघेव एकाच जातीची नसते. एक असतो वानवळा. आपल्याकडे पहिलं काही आलं की चार घरी पोचवायचं. पहिला फणस, पहिले ओले काजूगर, नव्या भाताचे पोहे, नव्या तलंगांची, म्हणजे तरण्या कोंबड्यांची, पहिली अंडी. याला मोजमाप नाही आणि लगेच परतफेडही नाही. रिकामं भांडं परत करायचं नाही एवढीच रीत, मग त्यात चार आमसुलं टाका की चिमूटभर साखर. दुसरं असतं उसनं. पाहुणे आलेत, सहा अंडी दे, मंगळवारी देते. हे मोजून घ्यायचं आणि मोजून परत करायचं, त्यात कोणाला राग येत नाही. तिसरी खरी अदलाबदल, म्हणजे मला तांदूळ हवेत, तुला अंडी हवीत, बोलून ठरवू. चौथी विक्री. भांडणं होतात ती दोघं वेगवेगळ्या खात्यात असल्यामुळे. तुमचा शेजारी बहुतेक वानवळ्याच्या खात्यात आहे आणि तुम्ही मनातल्या मनात अदलाबदलीच्या. माझ्या काकीचं आणि माझं तेच झालं.

आता तुमच्या शेजाऱ्याकडे जरा नीट बघा. तो काकडी देतो ती पावसात, कारण त्याच्याकडे काकडी पावसातच असते. मांडवावरची काकडी, पडवळ, दोडकी सगळं एकदम श्रावणात येतं. आणि श्रावणात आपल्याकडची निम्मी घरं अंडी खात नाहीत, काही तर थेट गणपती जाईपर्यंत. तो माणूस श्रावणात अंडी नेत नसणार, आठवून बघा. तरी काकडी येत असेल तर तो वर्षभराचं त्या दोन महिन्यांत फेडतोय. श्रावणात अंडीही नेत नाही आणि काकडीही देत नाही असं असेल तर मात्र तुमची तक्रार रास्त आहे, त्यावर पुढे बोलू.

हे हंगामाचं गणित मुंबईहून आलेल्या माणसाला लवकर दिसत नाही, कारण बाजारात बाराही महिने सगळं असतं. इथे माणसाकडे जे असतं ते त्याच्या त्याच्या वेळेला असतं. बंदरावरच्या घरांचं बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. ताजी मासळी नाही, घरात सुकं. तेव्हा त्यांना अंडी हवीच असतात आणि द्यायला काही नसतं. आमच्याकडून त्या दोन महिन्यांत अंडी जातात आणि त्याची मासळी नारळी पौर्णिमा उलटून होड्या रुळल्या की येते. कधीकधी ऑक्टोबरात एकदम इतके बांगडे येतात की मलाच ते चार घरी वाटायला लागतात. आणि त्याच वेळी कोंबड्यांचं उलटं चाललेलं असतं. पावसाळा संपता संपता त्या पिसं झाडतात आणि अंडी जवळजवळ थांबतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर माझ्याकडे अडतीस कोंबड्यांत कधी पाचसहा अंडी निघतात. घरोघरी हे आधीच सांगून ठेवा: "आता पिसांची झड आहे, दिवाळीनंतर बघू." न सांगता बंद केलंत तर लोकांना वाटतं, यांनी हात आखडला.

आता पैशाचं. वानवळा छान आहे, पण दाण्याच्या दुकानदाराला वानवळा चालत नाही. इथे वही हवीच, फक्त ती तुमची एकट्याची आणि कपाटात. पंधरा कोंबड्यांत आठ-नऊ अंडी निघतात म्हणजे तुमच्या कोंबड्या निव्वळ गावठी नाहीत. ग्रामप्रिया, कावेरी किंवा तसल्याच सुधारित जातीच्या असणार. गावठी वर्षाला साठेक अंडी देते, मधे खुडूक होऊन अंडी उबवायला बसते, पिल्लं वाढवते. सुधारित दीडशेच्या आसपास देते. बाहेर चरून येणाऱ्या कोंबडीला वरून रोज ६० ग्रॅम दाणा धरला तर वर्षाला साधारण २२ किलो होतो. ३५ रुपये किलोने ७७० रुपये. गावठीच्या एका अंड्याला नुसत्या दाण्याचे तेरा रुपये पडले, सुधारितला पाच. विकत दाण्यावर गावठी कोंबडी पाळून अंडी वाटणं म्हणजे खिशातून पैसे वाटणं, हे मला समजायला तीन वर्षं लागली.

तुमच्या पंधरांना महिन्याला २७ किलो दाणा, म्हणजे साडेनऊशे रुपये. आमच्याकडे गावठी म्हणून जाणारं अंडं दहा रुपयांच्या खाली मिळत नाही. (तुमच्या कोंबड्या सुधारित आहेत, तर गावठी म्हणून विकू नका. मोकळ्या सोडलेल्या आहेत एवढं सांगा, लोक घेतात.) दिवसाला तीन अंडी विकलीत की दाणा जवळजवळ सुटतो. दोन-तीन घरात खायला. उरलेली तीन तुमची वाटायची. आता बघा, त्या तीनांतली दोन रोज एकाच घरी जातायत, म्हणून तुम्हाला टोचतंय. त्याच्या काकडीत काही खोट नाही, तुमच्या हातात मोकळी अंडीच तेवढी आहेत. हा आकडा एकदा ठरला की बोलणं सोपं होतं. "रोज नाही जमत भाऊ, दाण्यापुरती विकावी लागतात, रविवारी सहा नेत जा." यात अपमान कोणाचाच नाही.

त्याच्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. नारळ आणि भाजी घेण्यापेक्षा कोंबडीचं खाणं घ्या. अदलाबदलीत खरा फायदा तिथे आहे आणि देणाऱ्याला त्याचं मोलही फारसं नसतं. भातगिरणीवाल्याशी माझं वर्षानुवर्षं चालू आहे. त्याला आठवड्याला डझनभर अंडी, मला कणी आणि कोंडा. कोंडा म्हणजे तूस नव्हे, तांदूळ सडताना निघतो तो बारीक, मऊ. पावसात तो पंधरा-वीस दिवसांत खवट होतो, थोडा थोडा आणा. बंदरावरून ताज्या मासळीपेक्षा मी चाळून उरलेला जवळा मागते, कारण तो बहुतेक नुसता वाळवलेला असतो. खारवलेली मासळी मात्र जपून. कोंबडीला मीठ सोसत नाही. घालायचीच तर रात्रभर भिजवून, पाणी ओतून, आणि थोडी. मासळीचं प्रमाण वाढलं की अंड्याला वास येतो आणि पहिल्यांदा तो शेजाऱ्याच्या नाकाला कळतो. तिसऱ्यांचे, कालवांचे शिंपले तर लोक परड्यात टाकूनच देतात. वाळवून ज्वारीच्या दाण्याएवढे कुटा, वेगळ्या भांड्यात ठेवा. पातळ कवचाची अंडी बहुतेक त्यानेच थांबतात, विकतच्या औषधाची सहसा गरज लागत नाही.

आणि बादली. आमच्या आजूबाजूच्या पाच घरांत मी झाकणाच्या पाच बादल्या ठेवल्या आहेत. भाजीची डेखं, निवडलेली पालेभाजी, उरलेला भात, खोबऱ्याचा चोथा. संध्याकाळी बादल्या उचलायला आमचा मुलगा फिरतो आणि शनिवारी प्रत्येक बादलीत चार-पाच अंडी ठेवून परत करतो. हीच आमची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी कटकटीची देवघेव. तीन गोष्टी बादलीत नकोत हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लोणच्याचा खार असलं खारट काही नको. बुरशी आलेलं काही नको, त्यातही पावसात काळी पडलेली शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची पेंड. त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत संपवतं. आणि बाजारातून आणलेल्या कोंबडीचं कच्चं कातडं, आतडी, धुतलेलं पाणी नको. रोग त्या वाटेने येतो.

अंडी न खाणारी घरंही वाडीत असणार. आमच्या शेजारचं घर अंड्याला शिवत नाही, पण दरवर्षी दोन फणस आणि केळीचा एक लोंगर आमच्याकडे येतो. मी त्यांना खत देते. खुराड्यातलं भाताचं तूस आणि विष्ठा खड्ड्यात दीड-दोन महिने कुजवून मग. ताजं दिलंत तर रोपं करपतील आणि तुमचं नावही.

एवढं झालं शेजाऱ्यांचं. तुम्ही लिहिलंत की वाडीत आणखी चार घरी कोंबड्या आहेत आणि "त्यांच्याशी काही देवघेव नाही, कारण त्यांच्याकडेही अंडीच". ते वाक्य वाचून मी जरा थबकले. माझ्या मते तुमची सगळ्यात कामाची देवघेव त्या चार घरांशीच व्हायला हवी.

पहिली म्हणजे लस. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, त्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात मिळते, पण बाटली कमीत कमी शंभर पक्ष्यांची. तुमच्याकडे पंधरा. लस एकदा पातळ केली की दोन तासांत संपवायची, उरलेली उद्या चालत नाही. म्हणून एकेकटा पाळणारा लस करतच नाही, आणि मग एका उन्हाळ्यात सगळी वाडी रिकामी होते. पाच घरं मिळून शंभराच्या आसपास पक्षी होतात. एकाने बाटली आणायची, थर्मासमध्ये बर्फावर, आणि पाच घरी फिरायचं. लहान पिल्लांची लासोटा सहाव्या-सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. मोठ्यांची आरटूबी आठ आठवड्यांनंतर, सुईने. ती लहान पिल्लांना द्यायची नाही. पुढचं वेळापत्रक आणि कोंबड्यांच्या देवीची लस तुमच्या इथल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण आसपास कुठला रोग चालू आहे ते त्यांना माहीत असतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगितलं, कोंबड्या आमच्या अंगणात घेऊन या. पाच घरच्या कोंबड्या डालग्यांतून आल्या, चहा झाला, मजा आली. कोणाच्या तरी एका कोंबडीला सर्दी होती. पंधरा दिवसांत पाचही घरी कोंबड्या शिंकायला लागल्या. तेव्हापासून बाटली फिरते, कोंबड्या आपापल्या घरी. फिरणाऱ्याने प्रत्येक घरी हातपाय साबणाने धुवायचे, दुसऱ्याच्या खुराड्यात आपल्या चपला न्यायच्या नाहीत. जिथे एखादी कोंबडी मलूल बसलेली आहे त्या घरी त्या दिवशी लस करायचीच नाही.

दुसरी खुडूक कोंबडी. तुमच्या सुधारित कोंबड्या अंडी घालतील पण रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसणार नाहीत, त्यांच्यातली ती ओढच कमी झालेली असते. शेजारच्या गावठीला ती पुरेपूर. मग अर्धलीने करायचं. अंडी तुमची, कोंबडी तिची, पिल्लं अर्धी अर्धी. ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, तुमच्या आजीला विचारा. पण ती बोलून ठरवा, कारण इथे वानवळ्याचं मौन चालत नाही. आमचे नियम असे पडलेत: वाटणी पिल्लं निघाली त्या दिवशी करायची नाही, दीड महिन्याने करायची. मधल्या काळात घार, मुंगूस, उदमांजर, गारठा यांत जे जाईल ते दोघांचं गेलं. निवडताना पहिलं पिल्लू कोंबडीवाली उचलणार, मग अंडीवाला, असं आळीपाळीने. नाहीतर सगळ्या तलंगा एकीकडे आणि सगळे कोंबडे दुसरीकडे जातात, आणि पुढे वर्षभर टोमणे.

रवणाची अंडी आठवड्याच्या आतली हवीत, फ्रिजमधली नकोत, धुतलेली नकोत. टोकाची बाजू खाली करून ठेवा. एसटीने आणली असतील तर एक दिवस स्थिर ठेवून मग घाला. आपल्या रस्त्यांवरून आलेलं अंडं लगेच उबेला दिलं तर निम्मी वाया जातात, असा माझा अनुभव. एका गावठीखाली दहा-बारा पुरेत. सातव्या रात्री अंधारात बॅटरी लावून बघा: आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर जीव धरलाय, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

त्या वरच्या घरातल्या काकीशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालं तेही असंच. थंडीत एका संध्याकाळी काखेत तांबडी कोंबडी दाबून आली. कोंबडी खुडूक आणि तिच्याकडे कोंबडा मेलेला, म्हणजे तिच्या घरची सगळी अंडी पोकळ. "तुझी धा अंडी दी गो," म्हणाली, "आणि लिवन ठेव हां तुझ्या वहीत." मी बारा दिली. लिहिलं काही नाही. नऊ पिल्लं निघाली, वाटणी होईपर्यंत सहा राहिली.

तिसरी देवघेव कोंबड्याची. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, पण तोच तीन-चार वर्षं ठेवलात तर तो आपल्याच लेकींवर जातो. अंडी कमी फुटतात, पिल्लं लुळी निघतात. दर दीड-दोन वर्षांनी कोंबडा बदलायचा आणि तो विकत आणण्यापेक्षा घराघरांत अदलाबदल करायचा. यात वजन, वय बघून सरळ एकास एक. फक्त गटारीच्या आणि राखणीच्या (राखणदाराला कोंबडा देतात त्या) आधी हा विषय काढू नका. तेव्हा कोंबड्याचा भाव वेगळाच असतो, त्यात राखणीला अमुक रंगाचाच हवा असेल तर विचारूच नका, आणि अदलाबदलीत दिलेला कोंबडा आठ दिवसांत वड्यांबरोबर ताटात गेला की देणाऱ्याच्या मनाला लागतं.

आणि आता जिवंत पक्ष्यांबद्दल एक गोष्ट, जी भिडेपोटी लोक पाळत नाहीत. मी पाळली नव्हती.

सहा-सात वर्षांपूर्वी मे महिन्यात ओळखीतल्या एकाने रायवळ आंब्याच्या दोन टोपल्यांच्या बदल्यात तीन कोंबड्या दिल्या. चांगल्या धष्टपुष्ट. "आजच न्या," असा त्याचा आग्रह. मला वाटलं, आंबे पिकून जातील म्हणून घाई. संध्याकाळी मी त्या सरळ आमच्या खुराड्यात सोडल्या. चौथ्या दिवशी एक कोंबडी चोच उघडून श्वास घ्यायला लागली, विष्ठा हिरवी पाण्यासारखी. सहाव्या दिवशी आमची एक काळी तलंग अंगणात गोल गोल फिरत होती, मान वाकडी होऊन आभाळाकडे. पाणी दाखवलं तर चोच पाण्यात जाईना, बाजूला आपटायची. त्या वर्षी माझी लस राहून गेली होती. चौतीस होत्या, दहा दिवसांत पाच उरल्या. नंतर कळलं, त्याच्याकडे आधीच मर सुरू झाली होती आणि उरलेल्या तो ज्याला त्याला देत सुटला होता. त्याला मी काही बोलले नाही. एकदा मर आली की लोक असंच करतात, आणि रोग असाच वाडीवाडीने चालतो.

तेव्हापासून कोणीही, अगदी सख्ख्या बहिणीने कोंबडी दिली तरी ती तीन आठवडे गोठ्यामागच्या वेगळ्या खुराड्यात. तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी, भांडी वेगळी. देणाऱ्याला वाईट वाटतं का? वाटतं. मी सांगते, "आमच्याकडचं काही तुमच्या कोंबडीला लागू नये म्हणून." अशा वेळी थोडं खोटं चालतं. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत बर्ड फ्लूची खात्री झाली तेव्हा आम्ही पाच घरांनी तीन महिने जिवंत पक्षी इकडचा तिकडे केला नाही, अंड्यांचे ट्रेसुद्धा फिरवले नाहीत. पुठ्ठ्याचा ट्रे हा असाच दुर्लक्षित प्रकार आहे. दहा घरांच्या अंड्यांची घाण घेऊन तो फिरतो. घेणाऱ्याने आपला डबा आणावा, तळाला भाताचं तूस घालून. आणि कधी एकदम कावळे किंवा कोंबड्या मरायला लागल्या तर वाटावाटी नाही, अदलाबदल नाही, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं.

अंड्यांच्या बाबतीत लाज राखायची तर एक पेन्सिल खुराड्याजवळ बांधून ठेवा. उचललं की त्यावर तारीख. ताजं देण्यासाठी, जुनं घरात. उकडायला आठवडाभराचं अंडंच बरं, सोलायला सोपं जातं. गवतात, लाकडांच्या मागे अचानक सापडलेल्या घरट्यातली अंडी कितीही सुरेख दिसली तरी देऊ नका. मी एकदा दिली. त्या बाईंनी मुलाच्या वाढदिवसाच्या केकसाठी सात अंडी फोडली, आठवं सडकं निघालं आणि सगळं मिश्रण परसात गेलं. पाण्यात टाकून तरंगतं का ते बघता येतं, पण मला आता सापडलेलं अंडं द्यायचंच नाही असं ठरवणं सोपं वाटतं. देण्याआधी अंडी धुऊ नका, कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फार घाण असेल तर घरी वापरा. कोंबडीला औषध चालू असेल तर तेव्हा आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी कोणालाच नाहीत. फुकट देतोय म्हणून ही काळजी कमी होत नाही.

बाळंतिणीच्या आणि आजाऱ्याच्या घरी अंडी जातात त्याचा मात्र कुठल्याच खात्यात विचार करू नका. तुम्ही गावचेच आहात, हे मी सांगायला नको.

आता तुमचा मूळ प्रश्न. खरी अदलाबदल करायचीच असेल, म्हणजे समोरचाही मोजून करायला तयार असेल, तर दोन्ही जिनसांचा त्या दिवसाचा बाजारभाव घ्या. आज आमच्याकडे साधारण मध्यम सोललेल्या नारळाला तीन अंडी बसतात, तुमच्याकडे दोनही असतील. हा आकडा पुढच्या महिन्यात चुकलेला असेल, कारण नारळाचा भाव स्थिर नसतो, अंड्यांचा श्रावणात पडतो आणि थंडीत चढतो. शिवाय गावठीचं अंडं चाळीस ग्रॅमचं, तुमचं पन्नास-पंचावन्नचं. दरपत्रक लिहून टाकलंत तर दर महिन्याला ते बदलत बसाल आणि प्रत्येक बदलाला कोणीतरी रुसेल.

काकडीवाल्या शेजाऱ्याला पुढच्या वेळी अंडी देताना घरातली एक रिकामी बादली द्या आणि बादलीचं काम समजावून सांगा. तो ती भरून देत असेल तर रविवारची सहा अंडी त्याची. दोन-तीन आठवडे बादली रिकामीच राहिली तर पुढच्या वेळी, "आता मोजकीच उरतात, विकतची नेता का?" असं सरळ विचारा. असं विचारलेलं बहुतेकांना लागत नाही, टाळलेलं लागतं.

आणि व्हॉट्सॲप गटावर काही टाकायचंच असेल तर हे टाका: "रविवारी सकाळी मानमोडीची लस आणतोय. कोणाकडे मोठ्या किती, पिल्लं किती आणि किती दिवसांची, ते शुक्रवारपर्यंत कळवा. कोंबड्या घरीच ठेवा, मी येतो." थर्मास घरात नसेल तर आत्ताच कोणाकडून तरी मागून ठेवा.